दोन जोडून, एक मोकळा

१

दुपारी खुल्या खाणीतला सुरुंग उडाला, की माजरीतल्या घराघरांत फळीवरची भांडी एकदा खणखणतात आणि लोक पुन्हा आपापल्या कामाला लागतात. रईस शेख त्या खणखणाटाला आपली सुटी समजायचा. बाजारातल्या टेप-रेडिओ दुरुस्तीच्या दुकानाचं शटर ओढायचं, सायकल हाणत नाल्याअलीकडच्या वस्तीतलं घर गाठायचं, भाकरीचे चार घास पोटात ढकलायचे आणि मागच्या खोलीत जाऊन गिटार गळ्यात अडकवायची. हा रोजचा नेम. कधी चुकलाच तर बायको, जरीना, कपाळाला हात लावून बघायची. "काऊन, तबीत बरी नाई का?"

गिटार तो ऑर्केस्ट्रात वाजवायचा. गणपती, दुर्गा, लग्नं, जे मिळेल ते. पण नव्व्याण्णव सालच्या हिवाळ्यात त्याच्या डोक्यात एक नवंच खूळ शिरलं. डिले पेडल त्याच्याकडे एक होतंच. डिले म्हणजे पायाशी ठेवायची लोखंडी डबी; गिटारचा सूर तिच्यात जातो आणि ती तोच सूर जरा थांबून परत फेकते, विहिरीत हाक मारल्यावर येते तसा. आता नागपूरच्या एका वादकाकडून त्यानं दुसरी डबी आणली. जुनीपुराणी, रंग उडालेली. ऑर्केस्ट्रातली मंडळी म्हणाली, एक आहे की, दुसरीचं काय लोणचं घालतोस? रईस नुसता हसला.

त्यानं दोन्ही डब्या एकामागे एक जोडल्या. पहिली बरोबर एका ठेक्यावर बांधली, दुसरी पाऊण ठेक्यावर, आणि दोघींना ताकीद दिली की परत फेकायचं ते एकदाच. मग तार तळहातानं दाबून एकच कोरडा आघात केला. ठक. जरा थांबून दोन जबाब एकमेकांच्या पाठीला लागून आले, मग श्वास घेण्याएवढी जागा गेली, आणि तिसरा एकटाच आला. ठक… टक-टक… टक. दोन जोडून, एक मोकळा. लंगडती पण पायाला ओढ लावणारी चाल. हात एकाचा आणि वाजवणारे जणू चौघं. पहिल्यांदा जमलं त्या दिवशी गडी खोलीभर नाचला. जरीना दारात येऊन बघून गेली. "आतापर्यंत एकच येडा होता घरात," ती म्हणाली, "आता टोळी झाली."

घरातलं तिसरं माणूस म्हणजे रईसचे अब्बा, वहाबभाई. नाल्यापलीकडच्या भूमिगत खाणीत उभा जन्म काढलेला माणूस. तिथं छत तपासायचं काम त्यांचं. वर्षापूर्वी रिटायर झाले तेव्हा छातीत धूळ इतकी बसली होती, की डॉक्टरनं रईसला बाजूला घेऊन साफ सांगितलं, जड काम केलं तर हा माणूस तुमच्या हाती राहणार नाही. रईसची आई तो लहान असतानाच गेली. अब्बांनीच त्याची वेणीफणी सोडून बाकी सगळं केलं. न्हाऊ घातलं, शाळेत सोडलं, मग पाळीवर गेले. त्यामुळे रईसचा सगळा जीव त्या म्हाताऱ्यात अडकलेला. तूर्त अब्बा चिमूरला लेकीकडे, रूहीकडे, गेले होते, आणि म्हणूनच घरात मोठ्या आवाजात वाजवायची चैन चालू होती.

२

एका दुपारी वाजवता वाजवता लाइट गेली. त्यात नवल काही नाही. आपल्याकडे कोळसा आपला, धूर आपला आणि अंधारही आपलाच. अँप्लिफायरचा लाल दिवा विझला. आघात होऊन गेला होता, जोडीचे दोन जबाबही आले होते. तिसरा यायचा राहिला होता.

तो आला. टक.

रईस गिटार उतरवायला लागला आणि पट्टा खांद्यावरून काढता काढता थांबला. लाइट आधी गेली की ठोका आधी आला? त्यानं मनाशी हिशोब लावला. लाइट आधी. मग त्यानं स्वतःलाच दटावलं, अरे, तू रिपेरिंगवाला ना? कंडेन्सरमध्ये करंट साठलेला असतो, तो निघाला असेल शेवटचा. पटण्यासारखं होतं. फक्त तो ठोका अँप्लिफायरच्या बॉक्समधून आल्यासारखा वाटला नव्हता, आणि त्याचा आवाज कोरडा नव्हता, बद्द होता.

त्यानं सगळ्या वायरी काढल्या. नुसतीच गिटार मांडीवर घेऊन, तार दाबून, बोटानं एक आघात केला. बिनवायरीच्या इलेक्ट्रिक गिटारचा आवाज तो किती, शेजारी झोपलेलं मांजरही उठायचं नाही. त्यानं कान देऊन वाट पाहिली. पाणी भरायला गेलेल्या बायका बाहेर बोलत होत्या, लांब कुठे तरी ट्रक चढणीला लागला होता.

आणि शहाबादी फरशीखालून कुणीतरी ठोकलं. एकदाच, सावकाश, नीट.

खरं सांगायचं तर रईस तिथून उठून पळाला आणि जरीनानं विचारलं तेव्हा म्हणाला, तहान लागली.

३

भरल्या दुपारी घाबरायचं म्हणजे माणसाला लाज वाटते. दुसऱ्या दिवशी रईस शहाण्यासारखा कामाला लागला. भिंतीपलीकडे कुणी आहे का बघितलं. तिथं नुसती बाभळी वाढलेली मोकळी जागा. हातपंप वस्तीच्या दुसऱ्या टोकाला. उंदीर म्हणावं तर उंदीर असा दमानं ठोकत नाही. खाण म्हणावं तर सुरुंग उडून गेलेला, आणि जुनी भूमिगत खाण नाल्यापलीकडे. या वस्तीखाली कोळसाच नाही, म्हणून तर इथं घरं बांधू दिली.

शेवटी तो खोलीच्या मधोमध पालथा झोपला आणि फरशीवर तळहात टेकवला. दुसऱ्या हातानं फरशीवर बोटाच्या पेरानं वाजवलं. जरा वेळ गेला. मग ठोका आला तो कानाला नाही, हाताला. तळव्याच्या बरोबर मध्ये, खालून.

पण मनाचा तरी हट्ट बघा, तो तसाच झोपून राहिला आणि म्हणत राहिला, पाण्याची पाइप असेल, जमीन आकसत असेल, थंडीचे दिवस आहेत.

जरीना पीठ मळत होती. तिच्याजवळ जाऊन त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं, "मागच्या खोलीत कायचा आवाज येते का वो?"

"तुया त्या ठकठकीशिवाय काय येते?" ती म्हणाली. "दुपारी बी तेच अन् सकाळी बी तेच."

"सकाळी?"

"सकाळी भांडे घासून राह्यते ना मी, तवा. पहिले भिंतीजवळ वाजवत जाय, आता मधात बसून वाजवते. जागा काऊन बदलवली?"

सकाळी रईस दुकानात असायचा, आणि हे बोलून झाल्यावर जरीनाच्या ध्यानात आलं. तिचा हात पिठातच थांबला. मग रईसनं तिला एवढंच सांगितलं, अब्बा आले की यातलं अक्षर त्यांच्या कानावर जाता कामा नये. ज्या माणसानं जन्मभर जमिनीखालचे आवाज ऐकले, त्याला हे ऐकू द्यायचं नाही. कसं लपवणार होता, देव जाणे.

४

अब्बा आले ते खुशीत. रूहीला मुलगी झाली होती, तिचं नाव आयत ठेवलं होतं, तिची बोटं कशी, तिचं नाक कुणासारखं, हे सांगताना दर वाक्याला खोकत होते. पायरी चढताना भिंतीला धरून उभं राहावं लागलं. चहा झाला आणि त्यांनी स्वतःच विषय काढला.

"जावाइबुवाले सांगून आलो, आमचा पोट्टा दोन मशीनी जोडून राह्यला म्हणून. दाखव ना मले वाजवून."

"उद्या दाखवतो, अब्बा."

"उद्या कायले? आज काय हात दुखते तुया?"

बापाला नाही म्हणायची रईसला सवय नव्हती. अब्बा मागच्या खोलीत खाटेवर बसले. रईसनं आवाज अगदी बारीक ठेवला आणि तार दाबून आघात केला. ठक… टक-टक… टक.

वहाबभाईंचा चेहरा उतरला तो रईसच्या डोळ्यांदेखत. हसू तसंच ओठांवर राहिलं आणि त्याच्या मागचा माणूस निघून गेला. त्यांनी हात वर करून थांबायला सांगितलं.

"हे तुले कोणं शिकवलं?"

"कोणी नाई. पाऊण ठेक्याचा हिशोब आहे, अब्बा. मशीन करते."

"हा आमच्या पाळीचा जबाब होय," अब्बा म्हणाले. ते इतक्या हळू बोलत होते, की रईसला जवळ सरकावं लागलं. "खाली छत बसलं अन् मानसं पलीकडं अडकले, तं ते सब्बलीनं ठोकतात. एकसारखं, थांबून थांबून. इकडून आपल्याले आयकू आलं का आपण जबाब देतो. दोन जोडून, एक मोकळा. आयकलं, येऊन राह्यलो, हालू नका. दुसरीकडं कुठी असंन नसंन, आमच्या पाळीत असा नेम होता. अन् एक डाव जबाब गेला, का मंग तिथून हालाचं नाई. मानूस निघाल्याबिगर घरी जाचं नाई."

रईस काहीतरी हसण्यावारी न्यायच्या विचारात होता. तेवढ्यात फरशी वाजली. एकदा. थोड्या वेळानं पुन्हा एकदा. बद्द, सावकाश, एकसारखी.

अब्बा खाटेवरून उतरले आणि गुडघ्यांवर बसले. "कवापासून देऊन राह्यला तू जबाब?"

"हिवाळा लागला तवापासून. अब्बा, मशीन आहे ते."

"त्याले काय मालूम मशीन आहे का मानूस आहे? तू रोज त्याले सांगून राह्यला का येतो म्हणून. रोज येतो म्हणते अन् रोज उठून चहा प्याले जाते."

"पण खाली खाण नाई, अब्बा. तुमीच सांगतलं होतं."

"नाई," अब्बा शांतपणे म्हणाले. "इथी खाण कधीच नोती."

"मंग?"

फरशीला कान लावून अब्बा आडवे झाले, आणि त्या दिवसापासून त्या खोलीतून उठेनात.

५

रईसनं काही करायचं बाकी ठेवलं नाही. दोन्ही पेडलं काढून दुकानात कुलपात टाकली. गिटार मित्राकडे ठेवली. जरीनानं रडून बघितलं. अब्बांचं खाणं खोलीतच, नमाजही तिथंच. ते कुणावर रागावत नव्हते, हे तर जास्तच वाईट. "तुयी गलती नाई बेटा," ते म्हणायचे, "पण जबाब आपल्या घरातून गेला." आणि दारामागे टेकवलेल्या सब्बलीकडे, लोखंडी पहारीकडे, बघायचे. घर बांधताना आणलेली ती सब्बल रईसनं उचलून मोरीमागे लपवली.

खोदायला बसले तर अब्बा तासाभरात संपतील, हे त्याला दिसत होतं. त्याला खालच्याची भीती होतीच, नाही कशाला म्हणू. पण त्याहून मोठी भीती बापाच्या छातीची होती.

शेवटी त्यानं नानाजीला बोलावलं. नानाजी अब्बांच्याच पाळीतला, आता वरोऱ्याकडे भावाच्या शेतात सोयाबीन बघणारा. बोलका, चेष्टेखोर म्हातारा. आला तोच वहाबभाईंना डिवचत. "काय रे वहाब, रिटायर झाला तरी ओवरटाइम करून राह्यला का?" अब्बा हसले आणि त्यांनी फरशीवर बोट ठेवलं. नानाजी वाकला, हात टेकवला. ठोका आला. अजून एक आला.

नानाजी बराच वेळ तसाच वाकून होता. मग उठला, चपला घातल्या, जरीनानं आणलेला चहा तिच्या हातातच राहिला. रईस त्याच्या मागे सायकलपर्यंत धावला.

"वहाबले इथून हालव," नानाजी म्हणाला. "आजच्या आज जमलं तं आज."

"काय आहे खाली, काका?"

"मले काय मालूम. पण मी अडकलेल्या मानसाचं ठोकणं आयकलं आहे बाप्पा. मानूस जीव तोडून ठोकते, मंग त्याचा हात थकते. ठोका कमजोर पडते, मागंपुढं होते. हा हात थकलाच नाई." त्यानं सायकलला टांग मारली. "अन् तो अडकलेला वाटत बी नाई."

६

रईसनं चिमूरला न्यायला जीप ठरवली. रूहीची पोर बघायला चला म्हणून अब्बांची मनधरणी केली, आणि अब्बा एका बोलात तयार झाले. रईसचा जीव भांड्यात पडला. इतक्या दिवसांचा हट्टी म्हातारा एका बोलात तयार होतो, याचा संशय त्याला यायला हवा होता. पण माणसाला जे हवं असतं ते मिळालं की तो खोलात शिरत नाही.

दुसऱ्या दिवशी जीपवाल्याकडे तो उभा होता, तेव्हा जरीना धावत आली. पदर डोक्यावर नव्हता, पायात चप्पल नव्हती. "अब्बांनं आतून कडी लावली," तिनं धापा टाकत सांगितलं. "मोरीमागून सब्बल काढून घेतली. खोदून राह्यले."

दोघं घरी पोचेपर्यंत रईसला रस्त्यात काही दिसलं नाही. मागच्या खोलीच्या दारावर त्यानं दोन्ही मुठींनी मारलं, अब्बा, अब्बा. आतून सब्बल खाली ठेवल्याचा आवाज आला. कडी सरकली, दार हातभर उघडलं, अब्बांनी त्याचं मनगट धरून त्याला आत ओढलं आणि लगेच दार लावून कडी घातली.

"धूळ जाते घरात," ते म्हणाले. "तिले खोकला होईन."

७

खोलीच्या मधल्या फरशा उपटून भिंतीशी नीट रचून ठेवल्या होत्या. मध्ये खड्डा, कमरेइतका. वर पिवळा मुरूम आणि त्याखाली काळी ओली माती. एवढं खोदायला दोन तरण्या गड्यांना अख्खी सकाळ लागली असती. रईस पहिल्यांदा बापाच्या छातीकडे बघायला लागला. अब्बांना धाप लागली नव्हती. खोकला नव्हता, घरघर नव्हती. ते स्वच्छ, खोल श्वास घेत होते, रईसच्या लहानपणी घेत होते तसे.

"चला अब्बा. जीप उभी आहे. आयत पाहाची आहे ना?"

"बस. आयक पहिले."

पेडलं बाजारात, कुलपात होती. गिटार त्याहून लांब. खोलीत वाजेल असं काहीही नव्हतं. आणि खड्ड्यातून, आता अगदी जवळून, आवाज आला. टक-टक… टक.

"आलं ध्यानात?" अब्बांचे डोळे भरून आले होते. "मी इतके दिवस उलटं धरून बसलो. अडकलेला मानूस असा जबाब देत नाई, रईस. जबाब देते तो बाहेरचा. तू इथी बसून रोज ठक ठक करत होता, एकटाच, दार लावून. त्याईनं ते आयकलं."

"अब्बा, पहिले तं ते नुसतंच ठोकत होते."

"छत पाहात होते," अब्बा म्हणाले. आपलीच चूक सापडल्यावर माणूस हसतो तसे ते हसले. "कोळसा काढाच्या पहिले काठीनं ठोकून पाहा लागते. खणखण वाजलं तं दगड पक्का, बद्द वाजलं तं सुटला. कधी भिंतीजवळ, कधी मधात. उभा जनम मी हेच केलं अन् मलेच नाई समजलं."

रईसला त्यांच्या बोलण्यापेक्षा त्यांच्या आनंदाची भीती वाटली. तो त्यांना दंडाला धरून दाराकडे नेऊ लागला. आपण घरात आहोत, अब्बा, तो म्हणत होता, हे आपलं घर आहे, वर पत्रा आहे, बाहेर ऊन आहे.

"पत्रा?" अब्बांनी कोपऱ्यातली काठी उचलली आणि वर मारली.

पत्र्यावर काठी मारली की काय आवाज होतो हे लहान पोरालाही ठाऊक असतं. चिमणी बसली तरी तो पत्रा वाजायचा. आता तो वाजला नाही. बद्द, जाड आवाज झाला, आणि तो वर, आणखी वर जात राहिला. बारीक काळी भुकटी रईसच्या तोंडावर पडली. त्यानं जिभेनं ओठ चाटले तर कोळशाची चव लागली.

"पाह्यलं?" अब्बा हळूच म्हणाले. "केवढा भार आहे वर."

रईसचं डोकं काम करेनासं झालं. वरच्या झरोक्याकडे बघावं, तिथं उजेड आहे का बघावं, असं त्याला वाटलं आणि तिकडे मान वळवायची हिंमत झाली नाही. खोलीत मात्र दिसत होतं. भिंतीवर एक पिवळा गोल हलत होता, टोपीवरच्या दिव्याचा पडतो तसला. तो खड्ड्यातून येत होता.

८

दार वाजायला लागलं. बाहेर जरीना होती. तिनं बहुतेक हाका मारल्या असतील, पण हाक आत येत नव्हती, नुसते ठोके येत होते, लांबून आल्यासारखे. एकसारखे, थांबून थांबून.

रईसनं कडीकडे झेप घेतली, पण अब्बांनी त्याचं मनगट पुन्हा पकडलं. त्यांनी त्याला खड्ड्याच्या काठाशी आणलं. म्हाताऱ्याच्या हातात एवढी ताकद कुठून आली कोण जाणे. रईस ओरडत होता, रडत होता, बापाला लाथा मारत होता, जे त्यानं जन्मात केलं नव्हतं. अब्बा त्याला समजावत होते, अंधारात घाबरलेल्या पोराला समजवावं तसे.

मग खालच्या काळ्या मातीतून एक हात आला. मातीनं माखलेला, कामकऱ्याचा हात. रईसला त्यात एकच गोष्ट दिसली आणि ती दिसल्यावर तो ओरडायचा थांबला. तो हात खालून वर काढलेला नव्हता. खड्ड्याच्या काठावर कुणी उभं असावं, आणि आतल्या माणसाला ओढून घ्यायला वरून खाली वाकून हात द्यावा, तसा तो दिलेला होता.

"पहिले पोट्ट्याले घ्या," अब्बा खाली बघून म्हणाले. "मी मागून येतो. बुढ्ढा शेवटी निघते."

हातानं रईसचा घोटा धरला. पकड गरम होती, काळजीची होती. रईसनं जरीनाच्या नावानं टाहो फोडला. दारावरचे ठोके जोरात झाले.

अब्बांनी त्याच्या केसांतून हात फिरवला आणि दाराकडे कान दिला. मग ते खड्ड्यावर वाकले.

"याले नेलं का परत येजा," ते खालच्यांना म्हणाले. "तिकडं बी एक बाई अडकली आहे."